चुलीमागचा रस

शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मी वाडीतल्या जुन्या खोलीचे कुलूप काढले. वेळ लिहून ठेवण्याची सवय नोकरीतली आहे. मी सरकारी मोजणी खात्यात भूकरमापक होतो. शेताच्या बांधावर उभे राहिले की प्रथम तारीख व वेळ लिहायची, मग साखळी टाकायची, हा आमचा शिरस्ता होता. निवृत्तीनंतरही तो सुटला नाही.

खोली उघडण्याचे कारण साधे होते. छपराची कौले काढून पत्रे घालायचे ठरले आहे. सोमवारी कामगार येणार, म्हणून सामान हलवणे भाग होते. सामानही फार नव्हते. एक बाज, भांड्यांची पेटी, वडिलांची प्रार्थनेची पुस्तके, आणि स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात चिनीमातीची एक मोठी बरणी. त्या बरणीसाठी मी स्वतः आलो होतो. आमच्या प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत भाकरीबरोबर घ्यायचा, द्राक्षारस तीत मुरत असे.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मला एक उत्तरही द्यायचे होते.

आमची वाडी ख्रिस्ती माणसांची. चर्चला आम्ही देऊळ म्हणत आलो आणि चर्चच्या माणसांना मंडळी. मी दहा वर्षांचा असताना निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्या एक झाल्या. आमची मंडळी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेची. तीही त्या एकीकरणात गेली. सगळी गेली नाही. माझे वडील गेले नाहीत. त्यांच्यामागून चाळीसएक माणसे देवळाबाहेर पडली आणि वाडीतल्याच शाळेच्या खोलीत वेगळी उपासना करू लागली. लोक आम्हांला जुनी मंडळी म्हणू लागले. आज आम्ही आठ जण आहोत. वडिलांच्या पश्चात त्या मंडळीचा पंच मीच.

मुंबईहून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचे वृद्ध पाद्रीसाहेब येत व प्रभुभोजन देत. चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी अंथरूण धरले. त्यांच्या जागी येणारे कोणी मिळाले नाही. तेव्हापासून आमच्या खोलीत प्रार्थना होते, भोजन होत नाही. आमच्यातल्या सगुणाबाई एक्याण्णव वर्षांच्या आहेत. त्यांची दृष्टी गेली आहे. दर रविवारी त्या मला एकच विचारतात.

"आज भोजन आहे का?"

"नाही."

"बरं."

आठवड्यापूर्वी देवळाचे तरुण पाळक गावित माझ्या घरी आले. उद्या आगमनकाळाचा पहिला रविवार. नाताळाची वाट पाहण्याचे चार आठवडे तेथून सुरू होतात. गावित म्हणाले, "काका, त्या दिवशी तुम्ही आठही जण देवळात या. एकाच मेजाशी बसू." मी मुदत मागितली. उरलेल्या सात जणांना विचारले. सगळ्यांनी सांगितले, तुम्ही म्हणाल तसे. हे वाक्य ऐकायला सोपे असते. ज्याला ऐकावे लागते त्याची झोप जाते.

दार उघडले तेव्हा आत थंड मातीचा वास होता. उंदरांचा, जुन्या कागदाचा आणि कोळशाचाही. मी खिडकी उघडली. मागची पडवी तशीच आहे. आमच्या आणि थोरल्या काकांच्या खोल्यांना सामाईक असलेली ती लांबट पडवी, मधोमध चुलीची काळी पडलेली भिंत. चूल नाही. भिंत काळी आहे.

लहानपणी त्या पडवीतला बुधवार मला वासाने कळत असे. आई आणि थोरली काकू सकाळपासून मनुका उकळत. कल्हई केलेल्या पातेल्यात काळ्या मनुका फुगून वर येत. दाट, गोड, किंचित जळका वास कौलांना चिकटे. काकू पातेले ढवळी, आई मलमलीचे फडके धरी. काकूला हृदयविकार होता आणि ते तिचे औषध होते, असे मला सांगण्यात आले होते. मी त्यावर विश्वास ठेवला. विश्वास न ठेवण्याचे कारण नव्हते.

वासांचे पंचांगच होते ते. हंगामाच्या सणाला देवळात भोपळे, केळीचे घड आणि ज्वारीची ताटे मेजापुढे रचली जात, आणि सारे देऊळ खळ्यासारखे वास देई. उपवासकाळात मेणबत्त्या कमी, म्हणून दगडांचाच वास अधिक. झावळ्यांच्या रविवारी हिरव्या शिंदीचा. शुभ शुक्रवारी तीन तासांच्या उपासनेत माणसांच्या घामाचा व पांढऱ्या सुती कपड्यांचा. आगमनकाळात गोदावरीवरून धुके येई, बाकांची लाकडे गार पडत, आणि पुरुषांच्या घोंगड्यांतून धुराचा वास निघे. मी वडिलांच्या उजव्या हाताला बसे, काका डाव्या हाताला. दोघांचा आवाज एकच होता. डोळे मिटले तर कोण गातो ते सांगता येत नसे.

फुटीची कारणे मी लिहिणार नाही. ती कागदोपत्री आहेत आणि कागद माझ्याकडेच आहेत. अधूनमधून वर्तमानपत्रात वाचतो की इंग्लंडच्या मूळ मंडळीत आणि तिच्या दूरदेशीच्या मंडळ्यांत आज मोठे वाद आहेत, माणसे वेगळी होत आहेत. ते वाद मी लक्षपूर्वक वाचतो. ते मोठ्या गोष्टींचे आहेत. आमच्या वाडीतला वाद शेवटी एका घोटापाशी येऊन थांबला होता. एकीकरणात दुसऱ्या मिशनांची माणसे आली. त्यांचा दारूच्या थेंबालाही विरोध. त्यांच्या मेजावर मनुकांचे उकळलेले पाणी, छोट्या छोट्या पेल्यांतून. आमची परंपरा खऱ्या द्राक्षारसाची, एका प्याल्याची, मेजापुढच्या कठड्याशी गुडघे टेकून घेण्याची. वडील म्हणाले, प्रभूने द्राक्षारस घेतला, काढा घेतला नाही. काका म्हणाले, ज्या घरात दारूने माणसे बुडाली त्या घरातून आपण आलो, विसरू नकोस. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. काका वारले तोपर्यंत एकोणीस वर्षे झाली होती.

पण भिंत एकच होती. रात्रीच्या जेवणाआधी काका त्यांच्या खोलीत सायंकाळचे गीत सुरू करीत. एक ओळ होऊ दिल्यावर वडील आमच्या खोलीत तेच गीत धरीत, म्हणजे एकत्र गातो असे दिसू नये. दुसऱ्या कडव्यात वडील घाई करीत. तिसऱ्यात काका लांबवीत. शेवटचे कडवे दोन्हीकडे एकाच वेळी संपे.

शाळेच्या खोलीत आमच्यापुढे फळा होता. त्यावर शनिवारचे गणित असे आणि ते पुसण्याची मनाई असे. आम्ही अपूर्णांकांपुढे पापकबुली दिली. गुडघ्यांखाली गोणपाट घेत असू. उठल्यावर त्याची वीण कातडीवर उमटलेली असे. घंटा आमच्याकडे नव्हती. देवळाची घंटा साडेआठला वाजे. वडील घड्याळ पाहिल्यासारखे करीत आणि तिच्या शेवटच्या ठोक्याला उपासना सुरू करीत.

बरणी वडिलांनी आणली. दर फेब्रुवारीत ते ओझरकडच्या एका बागेतून काळी द्राक्षे आणीत, हाताने चेचीत, बरणी भरीत, तोंड फडक्याने व मेणाने बंद करीत. त्यानंतर ती आईच्या ताब्यात. दर महिन्याला बाटली भरून मेजावर आणण्याचे काम बायकांचे. पुरुषाने त्यात हात घालायचा नाही, असा आईने घातलेला दंडक. वडील गेल्यावर द्राक्षे मी चेचू लागलो. आई गेल्यावर बाटली माझी पत्नी भरू लागली. आम्ही पुढे गंगापूर रोडला सदनिकेत राहायला गेलो, पण बरणी येथेच ठेवली, कारण इतका थंड अंधार तेथे नव्हता. भोजनाच्या आधीच्या बुधवारी पत्नी रिक्षाने वाडीत येई व दुपारी परत जाई.

माझ्या पत्नीचे नाव सुमन. ती नगरकडची, त्या दुसऱ्या मिशनच्या मंडळीतली. शाळेत असताना तिने दारूला न शिवण्याची शपथ घेतली होती. लग्नाच्या बोलणीत वडिलांनी अट घातली की तिने आमच्या मेजाशी यावे. ती आली. चाळीस वर्षे माझ्या शेजारी गुडघे टेकून तिने प्याला घेतला आणि त्या शपथेविषयी एक शब्द काढला नाही. त्यामागे तिचा माझ्याविषयीचा आदर असावा, असे मी समजत होतो.

पंधरा महिन्यांपूर्वी ती गेली. पुढच्या भोजनाला बाटली मीच भरली. रस आंबट होता. पाद्रीसाहेबांना ठसका लागला. माणसांची तोंडे वाकडी झाली. उठताना सगुणाबाई म्हणाल्या, "आज आंबट होता. क्रुसावर प्रभूलाही आंबच दिली होती." कोणी हसले नाही. मला वाटले, फडके बांधताना माझा हात चुकला असेल; त्या दिवसांत माझे हात ठिकाणावर नव्हते. ते आमचे शेवटचे भोजन.

म्हणून यंदा फेब्रुवारीत भरलेली बरणी आता तपासणे आवश्यक होते. मी मनाशी एक अट तयार केली होती. आम्ही देवळात येऊ, पण आमचा प्याला आणि आमचा रस बरोबर आणू. रस ठीक असेल तर अट घालता येणार होती.

साडेदहाला पडवीतून मालनताई आली. ती थोरल्या काकांची मुलगी, ब्याऐंशी वर्षांची. लग्न केले नाही, परिचारिका होती, शेजारच्या खोलीत एकटी राहते. हातात चहाचे दोन कप.

"सलाम, मोजणीदार. आज किती गुंठे?"

"सलाम, मालनताई. खोली रिकामी करतो आहे."

"कर. चहा बिनसाखरेचा आहे. तुला गोड चालत नाही म्हणे. भांडण चालतं."

तिने सुमनलाही असेच बोलावे आणि सुमनने हसावे. एकदा मालनताई मला म्हणाली होती, "बाकीच्या लोकांत बायकोला मंडळी म्हणतात, आपल्यात चर्चला. तुला दोन मंडळ्या. एकीशी तू बोलत नाहीस आणि दुसरी तुझ्यापुढे बोलत नाही."

मी बरणीचे मेण सुरीने खरवडले. फडके सोडले. झाकण निघताच वास आला. नाक मागे घ्यावे असा.

"आंबले आहे," मी म्हणालो.

"ते दरवर्षी आंबतं."

"दरवर्षी म्हणजे?"

मालनताईने कप जमिनीवर ठेवला. माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

"सुमननं तुला शेवटपर्यंत सांगितलं नाही?"

"काय?"

"बस आधी. त्या बाजेवर नको, तिचा पाय मोडलाय. इथं बस."

मी उंबऱ्यावर बसलो.

"काकांची पहिल्याच वर्षीची बरणी आंबून शिरका झाली," ती म्हणाली. काका म्हणजे माझे वडील. "तुझी आई रडत पडवीत आली. भाऊ भाऊ बोलत नव्हते, पण जावांची चूल एकच होती. माझी आई तिला म्हणाली, रडतेस कशाला, पातेलं मोठं घेऊ."

"कसले पातेले?"

"मनुकांचं! आमच्या देवळाला लागायचंच ना दर महिन्याला. तेच वाढवलं. बुधवारी उकळायचं, गाळायचं, दोन बाटल्या भरायच्या. एक चुलीपुढे, माठाजवळ गारव्याला. ती आमची. दुसरी चुलीमागे, उबेला. ती तुमची. रविवारपर्यंत तुमची जरा फसफसायची. काका खूष."



"वडिलांना कळले नाही?"

"तपकिरीनं नाक गेलेला माणूस. त्यांना काय कळतंय."

"पाद्रीसाहेबांना?"

"त्यांना कळलं असणार. एकदा तुझ्या आईला म्हणाले, बाई, या खेपेचा द्राक्षारस फार सौम्य आहे. ती म्हणाली, साहेब, द्राक्षंच सौम्य होती. झालं." मालनताई हसू लागली. "आणि तू एकदा बाटल्या बदलल्या होत्यास, आठवतं? झावळ्यांचा रविवार. तुझी आई तापानं पडली होती, म्हणून तुला पाठवलं. घाईत तू चुलीपुढची उचलून गेलास. चुलीमागची आमच्या मेजावर. माझे वडील दारूचं नाव काढलं तर चूळ भरणारे. त्या दिवशी पेला प्यायले, आणि घरी आल्यावर आईला विचारतात, आजच्या मनुका उत्तम होत्या, कुठून आणल्या?"

ती इतकी हसली की तिला खोकला आला. मी पाणी दिले.

"आई गेल्यावर?" मी विचारले. उत्तर मला ठाऊक झाले होते.

"आई गेल्यावर सुमन. तोवर माझ्याकडे गॅस आला होता. चूल पाडली. चुलीमागे अशी जागाच राहिली नाही. सुमन म्हणाली, ताई, आता दोन कशाला? तेव्हापासून एकच. तुमच्या बाटलीत तेच, आमच्या बाटलीत तेच."

"किती वर्षे?"

"तू मोज. तुझं खातं आहे."

मी मोजले. एकतीस.

"आणि ही बरणी? दर फेब्रुवारीला मी भरत होतो ती?"

"लोणच्यात जायची. शिरक्यातले कांदे तुला कोण करून घालायचं? मिटक्या मारून खायचास की."

खरे आहे. जेवताना मी दोन मागून घेत असे. असा शिरका बाजारात मिळत नाही, असे मी पाहुण्यांना सांगत असे.

कोणी विचारेल, चव कशी कळली नाही. मी प्रभुभोजनाखेरीज मद्याला कधी स्पर्श केला नाही. तुलना करण्यास माझ्याकडे काही नव्हते. ज्या द्राक्षारसासाठी आम्ही देऊळ सोडले, त्याची चव आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात राहिली नव्हती.

"तुम्ही आम्हांला फसवले," मी म्हणालो.

"फसवलं?" तिचा आवाज चढला. "मागच्या वर्षी सुमन गेल्यावर मी तुमची बाटली भरून तिच्या जागेवर ठेवली होती, कोनाड्यात. तू आलास तेव्हा मी दवाखान्यात होते. तू शहाणपणानं बरणी उघडलीस आणि म्हाताऱ्या माणसांना शिरका पाजलास. फसवलं म्हणतो."

"मग इतकी वर्षे आम्ही काय घेतले?"

"प्रभुभोजन. तुला काय वाटलं, द्राक्षांचं प्रदर्शन होतं?"

ती उठली. कप उचलले. दारात थांबून पाठमोरीच म्हणाली, "उद्यासाठी मनुका काल रात्री भिजवल्यात. नेहमीपेक्षा जास्त घातल्यात, आठ जणांच्या. तुम्ही नाही आलात तर शेजारच्या पोरांना पाजीन. पण तू सगुणाबाईचा विचार कर. तुझ्या बापाचा पुरे झाला."

ती गेल्यावर मी दुपारपर्यंत सामान बांधले. पुस्तके मोजून खोक्यात भरली. वडिलांच्या प्रार्थनापुस्तकाच्या पानांत तपकिरीचे डाग आहेत. मला राग आला होता, आणि तो कोणावर धरावा ते ठरत नव्हते. आईवर धरता येईना. काकूवर येईना. सुमनवर धरू पाहिला.

बुधवारी ती वाडीतून परत येई तेव्हा तिच्या पदराला तो वास असे. दाट, गोड, किंचित जळका. मी वर्तमानपत्रातून मान वर करीत असे. तो वास मला माझ्या लहानपणाचा वाटे, आणि बरे वाटे. कुठून येतो ते मी कधी विचारले नाही. विचारले असते तर तिने सांगितले असते, असे आता वाटते. त्या एकतीस वर्षांत तिची शपथही मोडली नव्हती. ती दोन्ही मंडळ्यांत राहिली आणि माझ्याही शेजारी राहिली.

मोजणीत कधी असे होते की नकाशावर बांध असतो आणि शेतात तो सापडत नाही. नवीन मापक घाबरतो, नकाशाप्रमाणे बांध घालायला सांगतो. ते चूक आहे. दोन्ही बाजूंचे शेतकरी किती वर्षे एकत्र नांगरत आले ते विचारायचे आणि जमिनीवर जे आहे ते लिहायचे. मी अनेक ठिकाणी तसे लिहिले आहे.

तीनच्या सुमारास पातेल्याचा वास पडवीतून आला. गॅसवर उकळले तरी वास तोच येतो.

चार वाजून चाळीस मिनिटांनी मी देवळात गेलो. लग्नांना आणि मातीला मी तेथे जात आलो आहे, मागच्या बाकापर्यंत. गावित मेजापुढची फरशी स्वतः पुसत होते. पायजमा गुडघ्यांपर्यंत दुमडलेला.

"सलाम काका. पाचला अजून वीस मिनिटं आहेत."

"मी आधी आलो."

"बसा ना."

"नको. कठड्याशी गुडघे टेकून घेता येईल?"

"येईल की. झाडून ठेवलाय. ज्याला बसून पायजे तो बाकावर बसून घेईल."

"प्याला?"

"एक प्यालाही ठेवू, पेल्यांचा ट्रेही ठेवू. ज्याला जे जमेल ते." ते उभे राहिले, फडके बादलीत पिळले. "पापकबुली तुमच्या जुन्या पुस्तकातली घेऊ. तुम्हीच वाचा. आमच्या पोरांना ते जुनं मराठी समजत नाय, पण ऐकायला बरं वाटतं म्हणतात."

"रसाचे काय?"

गावित एकदम सावध झाले. हा प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक असावे.

"त्याचंच मला भ्या होतं. खरं सांगू का काका? सुरगाण्याच्या वर आमचा पाडा. तिथं मनुका कुठल्या आन द्राक्षं कुठली. माझा बाप मंडळीचा पंच होता. नागलीची भाकर मोडायचा आन गुळाचं पानी द्यायचा. मी बोर्डिंगला येईस्तवर मला वाटायचं, प्रभूनंही त्या रात्री नागलीच खाल्ली." ते हसले, मग गंभीर झाले. "तुम्ही म्हणाल ते आणतो. विंचूरकडं वाइनचे कारखाने आहेत. बाटली पायजे म्हणालात तर आत्ता गाडी काढतो. आमच्या पंचांचं मी बघून घेईन."

मी हसलो नाही. हसण्याजोगे होते. हा माणूस माझ्यासाठी आपल्या पंचांशी भांडायला तयार होता, आणि तेही अशा गोष्टीवरून जिची माझ्या घरी एकतीस वर्षे कोणाला गरज पडली नव्हती.

"बाटली नको," मी म्हणालो. "मालनताईचे पातेले गॅसवर आहे. ते पुरेल."

"म्हणजे येताय?"

"आठही जण येऊ."

गावित पुढे आले. ओल्या हातांनीच माझा हात धरला आणि काही क्षण तसाच ठेवला. खांबाजवळच्या कबुतरांनी पंख फडफडवले. बाहेर कोणी तरी मोटारसायकल सुरू करीत होते. मग ते म्हणाले, "सगुणाबाईंना कसं आणाल? त्यांना चालवत नाय ना?"

"बघतो," मी म्हणालो.

निघताना पायऱ्या मोजल्या. पाच आहेत. उंची सारखी नाही. तिसरी पायरी बोटभर जास्त उंच आहे, तेथे आधार द्यावा लागेल.

सगुणाबाई वाडीच्या टोकाला पुतणीकडे राहतात. सहा वाजून दहा मिनिटांनी मी तेथे पोहोचलो. त्या पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. पावलांवरून ओळखले.

"आज रविवार का?"

"नाही. शनिवार."

"मग तू कसा आलास?"

"उद्या भोजन आहे."

त्यांचे हात थांबले. "पाद्रीसाहेब बरे झाले?"

"नाही. देवळात आहे. सर्वांचे मिळून."

मला वाटले, नाही म्हणतील. त्या वडिलांच्यामागून देवळाबाहेर पडलेल्या पहिल्या दहांतल्या. नवऱ्याला मागे ठेवून आल्या होत्या. तो तीन महिन्यांनी त्यांच्यामागून आला.

"कठड्याशी?" त्यांनी विचारले.

"कठड्याशी."

"माझं लग्न तिथं लागलं. डाव्या अंगाला लाकडाला एक गाठ होती. बोटाला लागायची." त्यांनी अंगठा बोटावर घासला. "तुझा बाप काय म्हणाला असता?"

"ठाऊक नाही."

"म्हणाला असता, रस कसला आहे ते आधी विचार."

"विचारला आहे."

"मग?"

"आपण नेहमी घेतो तोच आहे."

त्यांनी मान डोलावली आणि पुतणीला हाक मारून पांढरे लुगडे काढायला सांगितले. ते पेटीच्या तळाशी होते. पुतणी म्हणाली, "आत्या, इस्त्री नाही." सगुणाबाई म्हणाल्या, "मग कर."

उरलेल्या सहा घरी मी पायीच गेलो. कोणी कारण विचारले नाही. एकाने विचारले, पुढे बसायचे की मागे. जिथे जागा मिळेल तिथे, असे सांगितले.

सात वाजून वीस मिनिटांनी ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन केला. उद्या सकाळी पावणेआठला तीन रिक्षा. पहिली सगुणाबाईंच्या दाराशी. तीत त्यांच्याबरोबर एकच माणूस बसेल, कारण त्यांचा डावा पाय वाकत नाही. त्याने विचारले, शाळेच्या फाटकाशी सोडायचे ना, नेहमीसारखे? मी म्हणालो, नाही, देवळाच्या पायऱ्यांना लावून उभी कर. आणि त्याला पत्ता पुन्हा म्हणून दाखवायला सांगितला.